पंधराशे कोटी झाडांत कस्तुराला जागा कुठे?

केनियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या तैता टेकड्यांवरून १९५५ मध्ये एक विमान फिरलं आणि खालच्या रानांचे फोटो काढून गेलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २००४ मध्ये, संशोधकांनी त्याच टेकड्यांचे पुन्हा हवाई फोटो घेतले आणि जुने-नवे शेजारी ठेवून सहा रानांचं क्षेत्रफळ मोजलं. एकूण जंगल जवळपास होतं तितकंच भरलं. मात्र मूळचं, त्या मातीत आपणहून उगवलेलं रान निम्मं संपलं होतं. सुमारे २६० हेक्टर शेतीखाली आणि झुडपांखाली गेलं होतं. मधल्या काळात उघड्या उतारांवर पाइन, सायप्रस, निलगिरी, सिल्व्हर ओक आणि वॅटलची झाडं मोठ्या प्रमाणावर लावली गेली, म्हणून बेरीज जुळली.

ही बेरीज वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. एखाद्याचं राहतं घर अर्धं पाडलं, शेजारी तेवढ्याच चौरस फुटांचं गोदाम बांधलं आणि कागदावर लिहिलं, की बांधकाम कायम आहे, तर आपण त्याला काय म्हणू? तैता टेकड्यांत नेमकं हेच झालं, आणि ज्यांचं घर गेलं त्यांच्यात एक पक्षी होता. त्याची बाजू मांडायला मी बसलो आहे.

तैता कस्तूर. शास्त्रीय नाव टर्डस हेलेरी. एडगर मर्न्स यांनी १९१३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि एडमंड हेलर या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाशी जो काळा कस्तूर गळा मोकळा करून गातो, तोही टर्डसच, म्हणजे दोघं एकाच घराण्यातले. तैताचा हा भाऊ साधारण वीतभर लांबीचा. डोकं आणि छाती काळपट, पाठ करडी-तपकिरी, कुशी विटकरी, पोट पांढरं, चोच आणि पाय लालसर नारिंगी. असं रूप असूनही तो सहजी दिसत नाही, कारण उघड्यावर येणं त्याच्या स्वभावात नाही. जगात तो फक्त या टेकड्यांवर आहे, आणि टेकड्यांवरही मोजून तीन रानांत: म्बोलोलो, न्गान्गाओ आणि चाविया. १९९०च्या दशकातल्या अंदाजानुसार त्यांची एकूण संख्या साडेतेराशेच्या आसपास होती. त्यातले हजारावर म्बोलोलोत, अडीचशे न्गान्गाओत आणि चावियात चाळीसच्याही आत. चावियातल्या कस्तुरांची हजेरी आपल्याकडच्या एका शाळेच्या एका वर्गात घेता आली असती.

त्याला लाजाळू म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यामागे काय आहे ते बघायला हवं. या कस्तुराला वर दाट छत लागतं, खाली मोकळी, सावलीची जमीन लागते आणि त्या जमिनीवर भरपूर पाचोळा लागतो. आंबोलीच्या रानात नारिंगी डोक्याच्या कस्तुराला पाचोळा चाळताना मी कितीदा पाहिलं आहे. तोही याच कुळातला आणि चरायची तऱ्हाही तीच. दोन उड्या मारायच्या, थांबायचं, मान तिरकी करून जमिनीकडे बघायचं, मग चोचीनं एक पान झटक्यात बाजूला. खाली काळी, ओली माती, बुरशीचे पांढरे धागे, एखादं गांडूळ, एखादा भुंगेरा. मिळालं तर गिळायचं, नाही तर पुढचं पान. असं तासन् तास चालतं. हे बघताना कळतं, की या पक्ष्याचं रान म्हणजे उभी झाडं नव्हेत, त्या झाडांनी वर्षानुवर्षं खाली टाकलेलं जे काही आहे ते. त्याच भागात ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत शिरलात तर पायाखाली कोरड्या पानांचा जाड, एकसारखा थर लागतो. तो उचलून पाहा. खाली फारसं काही हलताना दिसत नाही.

तैता कस्तूर झुडपांत, दुय्यम रानात, शेतांत जात नाही. दोन रानांच्या मध्ये मक्याची खाचरं आणि पाइनची रांग असली, तर त्याच्यासाठी मध्ये समुद्र असल्यासारखंच आहे. हे कुणाच्या कल्पनेतलं नाही. बेल्जियन आणि केनियन संशोधकांनी तिन्ही रानांतल्या कस्तुरांच्या जनुकांचा अभ्यास करून २००० मध्ये तो प्रसिद्ध केला. तीन रानांतले पक्षी जनुकांच्या पातळीवर एकमेकांपासून वेगळे पडत चालले होते आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाणारे फारच थोडे होते. रानांमधली अंतरं आपण गाडीनं तासाभरात कापू. कस्तूर ती कापत नाही.

त्याच संशोधकांचं दुसरं काम मला अधिक अस्वस्थ करतं. पक्षी पकडायच्या बारीक जाळीत कस्तूर सापडला, की तो हलक्या हातानं सोडवायचा, पायात कडी घालायची आणि कॅलिपरनं पायाची नळी मोजायची. आधी डावी, मग उजवी. दोन्ही पाय घडतात एकाच जनुकांवरून, त्यामुळे ते सारखे असायला हवेत. पण पिल्लू वाढत असताना अन्न कमी पडलं, ताण आला, तर शरीराचा हा तोल किंचित ढळतो आणि डाव्या-उजव्यात केसाएवढा फरक राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही, कॅलिपरला दिसतो. कस्तुरासह सात जातींच्या पक्ष्यांची अशी मापं घेतली, तेव्हा ज्या रानाची जास्त नासधूस झाली त्या रानातल्या पक्ष्यांत हा फरक जास्त निघाला. चावियाची अवस्था सगळ्यांत वाईट, तिथं तो सगळ्यांत जास्त. विमानातून बघितलं तर चाविया हिरवंच दिसतं. त्या रानाची खरी हालत एका पक्ष्याच्या दोन पायांत लिहिलेली आहे.

आता हे सगळं झालं कसं, ते सांगताना तैता लोकांवर बोट ठेवणं सोपं आहे आणि मला ते अन्यायाचं वाटतं. तैता टेकड्या म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या जुन्या पर्वतरांगेचं उत्तरेकडचं शेवटचं टोक. ही रांग इथून टांझानियात उसांबारा, उलुगुरू, उडझुंग्वापर्यंत तुटक तुटक जाते. हिंदी महासागरावरून येणारं बाष्प या उंचीला अडतं, धुकं होतं, आणि त्या धुक्यावर हे रान उभं आहे. टेकड्यांच्या पायथ्याशी मात्र तापलेली, कोरडी, काटेरी झुडपांची जमीन आहे आणि त्या जमिनीवर त्सावो आहे. १९४८ मध्ये त्सावो राष्ट्रीय उद्यान झालं. आज तैता-तवेता काउंटीची सुमारे ६२ टक्के जमीन त्सावो पूर्व आणि त्सावो पश्चिम या दोन उद्यानांत आहे. उरलेल्या सपाटीवर घायपाताचे मोठे मळे आणि खासगी रँच. पाऊस पडतो वर, जमीन पिकते वर. मग माणसं जाणार कुठे? ती टेकडीवरच राहिली, वाढली आणि उतारावर पायऱ्या काढून मका, घेवडा, भाजीपाला करू लागली. एकरभर जमीन वाटण्यांत तुकडे होत गेली. रानाची कड दर पिढीला थोडी मागे सरकली.

या लोकांना रानाची किंमत कळत नव्हती असंही नाही. तैतांमध्ये फिघी नावाची पवित्र रानं आहेत. गावाचं रक्षण करणाऱ्या शक्तीचं ते ठाणं. तिथं वडीलधारी मंडळी विधी करतात, तिथलं झाड तोडायचं नाही हा दंडक. देवराईत चप्पल काढून शिरणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. रान राखायची रीत तिथं होती. वर बसलेल्या सरकारांनी, आधी गोऱ्यांच्या आणि मग स्वतःच्या, जंगलाचा हिशेब लाकडात केला आणि टेकडीचे माथे पाइन-सायप्रसला दिले.

त्या लागवडीचीही एक बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. उघडे पडलेले उतार धुपत होते. लोकांना जळण हवं होतं, घराला वासे हवे होते, शाळेच्या बाकांना फळ्या हव्या होत्या. निलगिरी सात-आठ वर्षांत हाताशी येते. तिथलं देशी झाड तितक्या वेळात माणसाच्या छातीएवढं झालं तरी खूप. शेताच्या बांधावरच्या सिल्व्हर ओकनं अनेक घरांना अडीअडचणीला पैसा दिला आहे, आणि हे लाकूड मिळालं म्हणून न्गान्गाओतल्या काही जुन्या झाडांवरची कुऱ्हाड टळली असणार. म्हणून परदेशी झाड दिसलं की उपटा, असं मी म्हणणार नाही. माझं भांडण त्या झाडाशी नाही. त्या झाडाला रान म्हणून मोजण्याशी आहे.

आणि हा मोजण्याचा प्रश्न आज फार मोठा झाला आहे. २०२२च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी २०३२ पर्यंत देशात १,५०० कोटी झाडं लावायचा आणि वृक्षाच्छादन ३० टक्क्यांवर न्यायचा कार्यक्रम जाहीर केला. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी तर झाडं लावण्यासाठी देशभर सुट्टी दिली गेली. लावलेल्या झाडाची नोंद करायला ‘जझा मिती’ नावाचं मोबाइल अॅप निघालं. लोक चिखलात उभे राहून रोपं लावत होते, मुलं आईचा हात धरून आली होती, ही गोष्ट मला मनापासून चांगली वाटते. वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये बायकांना बरोबर घेऊन ग्रीन बेल्ट चळवळ उभी केली त्या देशात झाड लावण्याला जो मान आहे, तो फार थोड्या देशांत असेल.

पण त्याच २०२३च्या जुलैमध्ये सरकारी जंगलांतली २०१८ पासूनची तोडबंदी उठवायची घोषणाही झाली. लागवडीतली झाडं उभ्या उभ्या सडताहेत, गिरण्या बंद पडल्या आहेत, रोजगार गेला आहे, असं सरकारचं म्हणणं. प्रकरण कोर्टात गेलं. त्यात कोण बरोबर हा वेगळा विषय. मला त्यातलं एक कबूल झालेलं सत्य महत्त्वाचं वाटतं. पाइन-सायप्रसची लागवड हे पीक आहे आणि पीक कापायचंच असतं. जे कापण्यासाठी लावलं आहे ते आज जंगलाच्या बेरजेत धरायचं, उद्या कापायचं, परवा पुन्हा रोपं लावून पुन्हा बेरजेत धरायचं. या हिशेबात १,५०० कोटींचा आकडा गाठता येईल, आणि न्गान्गाओतला कस्तूर होता त्याहून एकटा पडलेला असेल.

केनियाच्या स्वतःच्याच २०२१च्या पाहणीत दोन वेगळे आकडे आहेत: वृक्षाच्छादन १२.१३ टक्के, वनाच्छादन ८.८३ टक्के. म्हणजे झाडं असणं आणि वन असणं यातला फरक सरकारी कागदाला माहीत आहे. लक्ष्य ठरवताना मात्र मोठा आकडा देणारी व्याख्या उचलली. आणि वनाच्छादनाच्या आतही मूळ रान किती आणि लागवड किती, हे भाषणांत कधी ऐकू येत नाही. माझी पहिली मागणी इतकी साधी आहे, की ती लिहितानाही संकोच वाटतो: दर वर्षी जंगलाचा आकडा जाहीर करताना मूळच्या रानाचा आकडा वेगळा जाहीर करा. काउंटीनिहाय करा. तैता-तवेताच्या रकान्यात हेक्टर लिहा. कारण तिथं सगळं धुक्याचं रान मिळून काही शे हेक्टर उरलं आहे आणि इतक्या लहान आकड्यातली घट एका वर्षातही दिसते. मोठ्या बेरजेत ती दहा वर्षांतही दिसणार नाही, जशी पन्नास वर्षांत दिसली नाही.

आपण मराठी लोकांनी हे दुरून बघण्याचं कारण नाही. महाराष्ट्रात २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्ष लागवडीचं लक्ष्य होतं आणि तेव्हाही चर्चा आकड्यावरच अडकली: लागली किती, जगली किती. कोणती लागली आणि कुठं, हा प्रश्न मागेच राहिला. देशाच्या वन सर्वेक्षणातही एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के छत असलं की ते वनाच्छादन; मग ती आंब्याची बाग असो, रबर असो की देवराई. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची गर्दी झाली, तेव्हा टेकड्या हिरव्या झाल्या म्हणून आपणही आनंदलो होतो. माळावरचं गवत आणि त्यातले चंडोल गेले, हे ध्यानात यायला वेळ लागला.

एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणाऱ्याला मी कधी कमी लेखत नाही. हजार-दीड हजार पक्ष्यांसाठी माणसांनी किती सोसायचं? ज्या टेकडीवर शेतकऱ्याला अर्धा एकर आहे, तिथं कस्तुरासाठी रान वाढवायचं?

याचं माझं उत्तर असं. कस्तूर रानाकडून घेतो तसा रानाला देतोही. तो फळं खातो, बी दूर नेऊन टाकतो. तैतातल्याच रानांत झायमॅलॉस नावाच्या सावलीतल्या झाडाच्या बियांचा अभ्यास झाला आहे, आणि बिघडलेल्या रानांत त्याच्या बिया कमी पसरतात असं त्यात दिसलं, कारण फळं खाऊन दूर नेणारे पक्षीच तिथं कमी. बी आईच्याच पायाशी पडतं आणि तिथंच संपतं. म्हणजे पक्षी गेला की उरलेलं रान जागच्या जागी म्हातारं होत जातं. आणि रान गेलं की पाणी जातं. या टेकड्यांवरच्या धुक्यातून आणि पावसातून जे झरे निघतात त्यांच्यावर वरची शेती जगते. वोई नदी इथूनच निघते आणि खालच्या कोरड्या पट्ट्याकडे जाते. शेवाळानं लडबडलेलं जुनं झाड धुकं अडवून थेंब थेंब खाली सोडतं, त्याच्या पायथ्याचा पाचोळा ते पाणी धरून ठेवतो. ज्या पाचोळ्यावर कस्तूर जगतो त्याच पाचोळ्यातून शेतकऱ्याचा झरा वाहतो. निलगिरी पाणी किती ओढते हे तिथल्या माणसाला शिकवायला नको. २००९ मध्ये केनियाच्या पर्यावरणमंत्र्यांनीच पाणथळ जागांजवळची निलगिरी काढायला सांगितली होती.

तरीही सोसण्याचा प्रश्न उरतोच, आणि तिथं मी शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. त्याच्या बांधावरच्या सिल्व्हर ओकला हात लावायची गरज नाही. सुरुवात सरकारनं स्वतःच्या जमिनीपासून करावी. तैतातल्या रानांच्या कडेनं आणि त्यांच्या मधल्या माथ्यांवर पाइन, सायप्रस आणि निलगिरीची जी लागवड आहे, त्यातली बरीच सरकारी ताब्यात आहे. ती हळूहळू मूळच्या रानात बदलावी आणि त्यातून रानं एकमेकांना जोडावी, हा विचार तिथं काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच मांडला आहे. एका झटक्यात तोड मात्र नको. उतार उघडा पडला तर माती जाईल आणि झुडपं माजतील. जिथं मूळ रान जवळ आहे तिथं पाइनच्या सावलीतही देशी रोपं आपणहून उगवलेली दिसतात. त्यांच्या डोक्यावरचं एकेक झाड विरळणी करून काढायचं, ते लाकूड गावाला द्यायचं, रोपाला उजेड द्यायचा. जिथं रोपं नाहीत तिथं लावायची आणि त्यांची रोपवाटिका गावातल्या बायकांच्या हातात द्यायची. काम वीस-तीस वर्षांचं आहे. २०३२च्या आकड्यात त्यातलं काहीच चमकणार नाही, आणि म्हणूनच ते मागे पडतं.

पैसा कुठून आणायचा? त्सावोकडे बोट दाखवायला मला संकोच नाही. हत्ती बघायला जगभरून माणसं येतात, तिकिटं काढतात. त्याच हत्तींनी तुडवलेलं शेत तैता माणसाचं असतं, आणि काउंटीच्या निम्म्याहून अधिक जमिनीवर त्याला नांगर घालता येत नाही. उद्यानाच्या उत्पन्नात वाटा मिळावा ही तिथली जुनी मागणी आहे आणि ती न्याय्य आहे. त्या वाट्यातून दोन रानांमधल्या पट्ट्यात ज्यांची खासगी जमीन आहे त्यांना दर वर्षी ठरलेली रक्कम मिळाली, तर एखादा शेतकरी मक्याऐवजी दहा गुंठ्यांत देशी झाडं वाढू देईल. त्याला उपदेश पुरे झाला. आता रोख मोबदला हवा, तोही वेळेवर.

तैता कस्तूर एकटा नाही, हेही सांगायला हवं. तैता अपालिस नावाचा चिमुकला पक्षी याच टेकड्यांवर आहे. तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर असल्याचं जागतिक यादीत नोंदलेलं आहे. आपल्याकडे गॅलरीतल्या कुंडीत मखमली पानांचं आफ्रिकन व्हायोलेट दिसतं, त्याच्या रानटी गोतावळ्यातली एक जात म्बोलोलोच्या रानात, ओल्या कातळांच्या सावलीत उगवते, आणि तीही जगात दुसरीकडे कुठं नाही. विमानातून घेतलेल्या फोटोत यातलं काहीही दिसत नाही. दिसतो तो हिरवा रंग, आणि पाइनही हिरवाच असतो.

न्गान्गाओच्या कडेला जिथं मूळ रान संपतं आणि पाइनची पहिली रांग सुरू होते, तिथं काम सुरू व्हायला हवं. आधी त्या पहिल्या रांगेतली विरळणी, दोन-चार वर्षांनी दुसऱ्या रांगेतली. रानातून पडलेल्या बिया त्या सावलीत रुजतील, पानं गळतील, ओल धरेल. मग एखाद्या पावसाळ्यात जाळी लावणाऱ्यांनी तिथंही जाळी लावावी, आणि कडी घातलेला एखादा कस्तूर त्या जुन्या पाइनच्या जागी सापडला तर त्याचे दोन्ही पाय मोजावेत.